मुसीकाठचे साडेपाच महिने

गेल्या उन्हाळ्यात शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. आयटीआयमधून वीजकाम शिकलेला, चार-सहा वर्षे नांदेड-देगलूर भागात कामे केलेला. हातात कराराचा कागद होता. आखातातल्या एका शहरात दोन वर्षांची नोकरी. कागद इंग्रजीत असल्याने तो माझ्याकडून वाचून घ्यायला आला होता. मी एकेक कलम मराठीत सांगितले. उठता उठता त्याने विचारले, "सर, तिथं ओळखीचं कुणीच नाही. गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं?"

त्याचे विमान शमशाबादहून सुटणार होते. आज शमशाबाद म्हणजे हैदराबादचा विमानतळ. इतिहासाच्या मास्तराला मात्र ते नाव ऐकले की एक पर्जन्यमापक आठवतो आणि त्यापाठोपाठ अफझलगंज.

परदेशी नोकरी म्हटली की समुद्रापलीकडचे गाव डोळ्यांपुढे येते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्या-नगरच्या माणसाला परके राज्य गाठण्यासाठी जहाजात बसावे लागत नसे. आपल्याच भागाला तिकडचे लोक 'मोगलाई' म्हणत. इंग्रजी हद्द ओलांडली की नाणे बदलून हाली शिक्क्याचा रुपया येई, टपालाचे तिकीट बदले, सन फसली होई आणि कचेरीची भाषा उर्दू. आमच्या आजोबा-पणजोबांना हैदराबाद ही राजधानी होती. बाहेरून नोकरीला येणारा तिथे 'गैरमुलकी' ठरे. या शब्दात आदर कमी आणि संशय जास्त असे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या शिकल्या-सवरलेल्या अधिकाऱ्यांनी मोठ्या जागा अडवल्या, ही मुलकी मंडळींची तक्रार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. ती निराधारही नव्हती. अशा शहरात १९०९ साली एक गैरमुलकी अभियंता ठरावीक कामापुरता आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्याला का बोलावावे लागले, ते अफझलगंजात उभे राहिले की समजते. पाचवा निजाम अफझलउद्दौला याच्या नावाची ही पेठ मुसीच्या उत्तर काठावर धान्याच्या व्यापाराने वाढली. नदीपलीकडे चारमिनारचे जुने शहर, मधे पूल. काठालगतच १८६६ पासूनचा सरकारी दवाखाना होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला पूर आला. शमशाबादच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. अफझलगंजचा पूल गेला, चादरघाटचा गेला, मुसल्लमजंगचा गेला. टिकला तो १५७८ सालचा पुराना पूल. दवाखाना पाण्याखाली गेला. त्याच्या आवारातल्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचल्याचे सांगतात. बळींचा आकडा साधारणपणे पंधरा हजार दिला जातो. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या एकाच पुरात गेली. आकड्याचा अर्थ अशा एका घराकडे पाहिल्यावरच कळतो.

विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूरकडचे, पण घडले आपल्याकडे. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ते पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या नोकरीत शिरले. नाशिक, खानदेश, पुणे हा त्यांचा मुलूख. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच कल्पना. सुमारे चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सरकारी चाकरी सोडायचे ठरवले आणि ते परदेश पाहायला निघाले. इटलीत असताना निजाम सरकारची तार पोचली. प्रवास पूर्ण करून ते परतले आणि १५ एप्रिल १९०९ रोजी हैदराबादेत कामावर रुजू झाले. तेव्हा गादीवर सहावे निजाम महबूब अली खान होते आणि दिवाणपदी महाराजा किशनप्रसाद.

नेमून दिलेली कामे तीन होती. शहराच्या पुनर्रचनेत सल्ला व साहाय्य, पुन्हा पूर येऊ नये यासाठी योजना आणि हैदराबाद-चादरघाटच्या सांडपाण्याचा आराखडा. ना जन्माचा हुद्दा, ना जहागीर. अहवाल दिला की काम संपले.

पूर ओसरून सहा महिने झाले होते. शहराला भिंती, पूल, घरे हवी होती, तीही लवकर. अशा वेळी नवा माणूस आपले कर्तृत्व दाखवायला काठावर लगेच काहीतरी उभे करू पाहतो. विश्वेश्वरय्यांनी आधी नदी शहरात शिरण्यापूर्वी कुठून येते, ते पाहिले. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव असल्याचे त्यांनी नोंदवले. त्यांतले २२१ त्या पावसात फुटले होते. एका तलावाचे पाणी खालच्यावर, त्याचे त्याच्या खालच्यावर, असे करत सारा लोंढा नदीत आला होता. पूर अफझलगंजात दिसला, पण त्याचे कारण कित्येक मैल वर रानात होते. म्हणून उपायही वरच सुचवला गेला: मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वरच्या अंगाला मोठे जलाशय बांधावेत, लोंढा तिथे अडवावा आणि नदीच्या पात्राला पेलेल तेवढेच पाणी खाली सोडावे. शहरात काठाला भिंती आणि मोकळ्या बागा असाव्यात.

१ ऑक्टोबर १९०९ रोजी अहवाल सादर झाला. एप्रिल ते सप्टेंबर, साडेपाच महिने. नोव्हेंबरात विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. सांडपाण्याच्या कामासाठी हैदराबादने त्यांना पुढेही बोलावले. पण मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला, तो इतरांच्या हातून. मधे निजाम बदलले, १९१२ साली शहर सुधारणा मंडळ आले, अफझलगंजच्या काठावर उस्मानिया दवाखान्याची देखणी इमारत उभी राहिली. जलाशयांनी पुढे शहराला प्यायचे पाणीही दिले. बांधावर दगड वाहणाऱ्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आणि हेही, की कोणताही अहवाल शहराची कायमची काळजी घेत नाही. जुलै २०२० मध्ये उस्मानियाच्या जुन्या इमारतीत पावसाचे पाणी शिरले आणि तिथले रुग्ण हलवावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर नदीकाठच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी भरले. नदीच्या पात्रात काय बांधायचे आणि काय नाही, हे प्रत्येक पिढीला पुन्हा ठरवावे लागते.

हे सारे त्या मुलाला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण सर, ते साहेब होते. त्यांना तार करून बोलावलं होतं. माझा तर पासपोर्टसुद्धा माझ्याकडं राहतो का नाही, माहीत नाही."

त्याचे खरेच होते. मोठ्यांच्या चरित्रातून धडे काढण्याची आम्हा शिक्षकांना खोड असते, आणि ते धडे ज्याच्या गळ्यात घालायचे त्याची परिस्थिती विचारायची राहून जाते. निजामाचा करार आणि ठेकेदाराचा करार एका तराजूत बसत नाहीत. म्हणून त्या संध्याकाळी आधी जरुरीचे काम केले. कराराच्या तीन प्रती काढल्या. एक त्याच्याजवळ, एक त्याच्या आईजवळ, एक माझ्या कपाटात. पासपोर्टच्या पानांची नक्कल काढली. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि क्रमांक त्याच्या वहीत लिहून दिला. पगार किती, कामाचे तास किती, परतीचे तिकीट कोणाचे, ही तीन कलमे त्याच्याकडून मराठीत पाठ म्हणून घेतली.

त्यानंतर त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले. "गेल्या गेल्या आपलं कसब दाखवायच्या मागं लागू नकोस. जिथं दिवा विझलाय तिथंच बिघाड असतो असं नाही. मुख्य जोडणी कुठून येते ते आधी बघ, आणि जे दिसेल ते रोज वहीत लिही."

तो हसला. म्हणाला, "ते तर आमच्या वायरमनचं पहिलंच काम असतंय, सर."

लहानपणी वडिलांबरोबर एसटीने हैदराबादला गेलो की गौलीगुड्याच्या स्टँडवर उतरून अफझलगंजातून चालत जायचो. उस्मानियाच्या आवारातली ती चिंच वडिलांनीच प्रथम दाखवली होती. मुलगा निघाला त्या दिवशी त्याला पोचवायला गेलो होतो. विमान रात्री उशिराचे होते, हाताशी वेळ होता. आम्ही दोघे अफझलगंजात उतरलो आणि चिंचेखाली थोडा वेळ उभे राहिलो. त्याने बुंध्यावर हात ठेवला, वर फांद्यांकडे पाहिले आणि विचारले, "दीडशे माणसं? बसली कशी असतील?"

मग पिशवी खांद्याला लावून तो शमशाबादच्या बसकडे निघाला.