कृत्रिम वीज आणि नभोवाणी-यंत्रणेची कसोटी

जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटन शक्तीच्या अण्वस्त्राचा स्फोट घडवून आणला. तेथून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांत रस्त्यांवरील जवळजवळ ३०० दिवे विझले व कौआई बेटाचा सूक्ष्मतरंग-दूरध्वनिसंबंध तुटला. स्फोटातील गॅमा किरणांनी मुक्त केलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि त्यातून विद्युत्‌चुंबकीय स्पंद उत्पन्न होतो, हे त्याचे कारण होय.

विजेपासून संरक्षण हा विषय तत्पूर्वीचा. १९२४ मध्ये एर्विन मार्क्स यांनी योजलेल्या जनित्रात धारित्रे समांतर जोडून भारित करतात व एकसरीत जोडून त्यांचा विसर्ग घडवितात. त्यामुळे प्रयोगशाळेत विजेसारखा उच्च दाबाचा आवेग निर्माण करता येऊ लागला. परंतु विजेचा प्रमाणित आवेग सुमारे १.२ मायक्रोसेकंदात शिखरास पोहोचतो, तर हा स्पंद काही नॅनोसेकंदांतच. शिवाय वीज एका स्थळी कोसळते. स्पंद विस्तीर्ण प्रदेशातील तारांना जवळजवळ एकाच वेळी ग्रासतो. सबब विजेच्या कसोटीस उतरलेला तडित्‌निवारक स्पंदासही पुरा पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

१९६३ च्या करारान्वये अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएट संघ यांनी वातावरणातील व अवकाशातील अणुचाचण्या वर्ज्य केल्या. तेव्हा अनुकरण हाच मार्ग उरला, आणि त्याचे साधन विजेच्याच प्रयोगशाळेतून आले. न्यू मेक्सिकोतील कर्टलंड येथे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या प्रचंड लाकडी मंचावर विमाने चढवून मार्क्स जनित्रांच्या स्पंदाने त्यांची परीक्षा घेत.

भूस्थित संदेशवहन केंद्र मात्र असे मंचावर नेता येत नाही. १९९८ च्या अमेरिकन लष्करी मानकात म्हणूनच धातूच्या आवरणाचे मापन व तारांत प्रवाहस्पंद सोडणे या कसोट्या विहित आहेत. तथापि आकाशकास आवरणात कोंडता येत नाही. तरंग ग्रहण करणे हेच त्याचे कार्य असल्याने स्पंदासही तेच द्वार मिळते. तेथे अतिरिक्त दाब रोखणारी साधने बसवावी लागतात.

सांध्यांना गंज चढताच किंवा नवी तार आत येताच आवरणाचे सामर्थ्य घटते. यास्तव एकदा मिळालेले प्रमाणपत्र त्या दिवसाच्या स्थितीपुरतेच खरे असते. पुनःपुन्हा परीक्षण हाच या संरक्षणाचा खरा आधार होय.