इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ आणि कालवाचक क्रियाविशेषणे

इंग्रजी भाषेतील पूर्ण वर्तमानकाळ हा 'हॅव' किंवा 'हॅज' या साहाय्यक क्रियापदाला मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित जोडून सिद्ध होतो. उदाहरणार्थ, 'आय हॅव सीन', 'शी हॅज गॉन'. घडून गेलेल्या घटनेचा किंवा पूर्वी सुरू झालेल्या स्थितीचा वर्तमानाशी असलेला संबंध या रूपाने व्यक्त होतो. प्रमाण इंग्रजीत या काळासोबत हवे ते कालवाचक क्रियाविशेषण वापरता येत नाही. 'येस्टर्डे', 'लास्ट वीक', 'इन १९९८', 'टू डेज अगो' यांसारखे, बोलण्याच्या क्षणापासून तुटलेला काळ दाखवणारे शब्द त्यासोबत अग्राह्य ठरतात. 'सिन्स', 'सो फार', 'येट', 'एव्हर' यांसारखे, बोलण्याच्या क्षणापर्यंत पोहोचणारा काळ दाखवणारे शब्द मात्र सहज येतात. मराठीतील 'आला आहे', 'पाहिले आहे' या रूपांवर असे बंधन नसल्यामुळे मराठी भाषकांना इंग्रजी शिकताना हा भाग विशेष कठीण जातो. या लेखात अग्राह्य वाक्यांपूर्वी ताराचिन्ह (*) दिले आहे.

मूलभूत नियम

शालेय पुस्तकांत पूर्ण वर्तमानकाळाची व्याख्या अनेकदा 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया दाखवणारा काळ' अशी केलेली असते. ही व्याख्या अपुरी आहे आणि काही अंशी दिशाभूल करणारीही आहे. चंद्रावर शेवटचे मानवी पाऊल डिसेंबर १९७२ मध्ये पडले. तरीही 'पीपल हॅव वॉक्ड ऑन द मून' हे वाक्य आजही पूर्णपणे शुद्ध आहे. याउलट, घर सोडून पाचच मिनिटे झाली असली तरी 'आय लेफ्ट होम फाइव्ह मिनिट्स अगो' असा साधा भूतकाळच वापरावा लागतो. '*आय हॅव लेफ्ट होम फाइव्ह मिनिट्स अगो' असे म्हणता येत नाही. घटना किती जुनी आहे यावर काळाची निवड अवलंबून नसते. वक्ता घटनेकडे कोणत्या कालावधीच्या चौकटीतून पाहतो, यावर ती अवलंबून असते. चौकट 'आता'पर्यंत येऊन पोहोचत असेल तर पूर्ण वर्तमानकाळ येतो. ती आधीच बंद झाली असेल तर साधा भूतकाळ येतो. चंद्राविषयीच्या त्याच वाक्यात 'इन १९६९' हे शब्द घातले की चौकट त्या वर्षापुरती बंद होते आणि क्रियापद 'वॉक्ड' असे साध्या भूतकाळात न्यावे लागते.

याच कारणाने 'व्हेन' या प्रश्नवाचक शब्दासोबत पूर्ण वर्तमानकाळ सहसा येत नाही. 'व्हेन डिड यू सी हिम?' हा प्रश्न शुद्ध, तर '*व्हेन हॅव यू सीन हिम?' हा अशुद्ध मानला जातो, कारण प्रश्नाचे अपेक्षित उत्तरच एखादा निश्चित भूतकालीन क्षण असतो.

वृत्तपत्रांच्या भाषेत ही विभागणी स्पष्ट दिसते. बातमीचे पहिले वाक्य पुष्कळदा पूर्ण वर्तमानकाळात असते, जसे 'द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड'. पुढे तपशील येऊ लागला की 'ही सेंट हिज लेटर ऑन मंडे' असा साधा भूतकाळ सुरू होतो.

न संपलेला अवधी

'टुडे', 'दिस वीक', 'दिस इयर' हे शब्द बोलण्याचा क्षण ज्यात सामावलेला आहे असा अवधी दाखवतात, म्हणून ते पूर्ण वर्तमानकाळासोबत येतात. 'दिस मॉर्निंग' हे शब्द नेहमी उदाहरणादाखल दिले जातात. सकाळी अकरा वाजता 'आय हॅव रिटन थ्री लेटर्स दिस मॉर्निंग' असे म्हणता येते. तेच दुपारी चार वाजता सांगायचे तर बहुतेक भाषक 'आय रोट थ्री लेटर्स दिस मॉर्निंग' असे म्हणतील, कारण तोवर सकाळ संपलेली असते. अवधी चालू असला म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ अनिवार्य होतो असे मात्र नाही. 'आय सॉ हिम टुडे' हेही शुद्ध आहे. तेथे वक्त्याच्या मनात दिवसातील एखादा विशिष्ट, होऊन गेलेला प्रसंग असतो.

'सिन्स' आणि 'फॉर'

'सिन्स' हा शब्द अवधीचा आरंभबिंदू सांगतो आणि 'फॉर' त्या अवधीची लांबी सांगतो: 'सिन्स मंडे', 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स'चा अवधी या काळात नेहमी 'आता'पर्यंत येतो. 'फॉर'चे तसे नाही. 'ही लिव्ह्ड इन लंडन फॉर टू इयर्स' या वाक्यातील दोन वर्षे केव्हाच संपलेली आहेत. 'ही हॅज लिव्ह्ड इन लंडन फॉर टू इयर्स' हे वाक्य तर द्व्यर्थी आहे: तो गेली दोन वर्षे लंडनमध्ये राहतो आहे, किंवा आयुष्यात कधीतरी तो दोन वर्षे तेथे राहिलेला आहे. क्रियाविशेषण वाक्यारंभी नेले, म्हणजे 'फॉर टू इयर्स ही हॅज लिव्ह्ड इन लंडन' असे म्हटले, की दुसरा अर्थ गळून पडतो.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट'

ब्रिटिश इंग्रजीत या शब्दांसोबत पूर्ण वर्तमानकाळ रूढ आहे: 'आय हॅव जस्ट ईटन', 'हॅव यू ईटन येट?'. अमेरिकन इंग्रजीत, विशेषतः बोलण्यात, साधा भूतकाळही तितकाच स्वाभाविक असतो: 'आय जस्ट एट', 'डिड यू ईट येट?'. दोन्ही प्रकार आपापल्या ठिकाणी प्रमाण आहेत. अमेरिकन प्रयोगाला चूक ठरवण्याची जुन्या ब्रिटिश पाठ्यपुस्तकांतील सवय आता मागे पडली आहे. 'रीसेन्टली' दोन्ही काळांत चालतो. 'लेटली'चा ओढा पूर्ण वर्तमानकाळाकडे असतो. 'जस्ट नाऊ' हा 'थोड्या वेळापूर्वी' या अर्थाने आला तर साधा भूतकाळच घेतो.

'अगो' आणि 'बिफोर' या जोडीत फरक सूक्ष्म आहे. 'अगो' आतापासून मागे मोजून एका क्षणावर बोट ठेवतो, म्हणून तो पूर्ण वर्तमानकाळाला चालत नाही. एकटा आलेला 'बिफोर' केवळ 'यापूर्वी कधीतरी' एवढेच सांगतो, म्हणून 'आय हॅव सीन धिस फिल्म बिफोर' हे शुद्ध ठरते. मराठीत 'तीन दिवसांपूर्वी' आणि 'पूर्वी' या दोन्ही ठिकाणी एकच शब्द असल्याने ही सीमारेषा सहज लक्षात येत नाही.

भाषाशास्त्रीय स्पष्टीकरणे

जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी 'एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक' (१९४७) या ग्रंथात काळाच्या विश्लेषणासाठी तीन बिंदू कल्पिले: बोलण्याचा बिंदू, घटनेचा बिंदू आणि ज्यावरून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भबिंदू. साध्या भूतकाळात घटना व संदर्भ हे दोन्ही बिंदू भूतकाळात एकत्र असतात. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे असते, पण संदर्भबिंदू बोलण्याच्या क्षणाशी जुळलेला असतो. कालवाचक क्रियाविशेषण संदर्भबिंदूला लागते असे मानले, तर 'येस्टर्डे' का अडते हे उघड होते: 'आता' हा बिंदू 'काल' असू शकत नाही.

हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी त्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. पूर्ण भूतकाळातील 'ही हॅड लेफ्ट ॲट सिक्स' या वाक्याचे दोन अर्थ होतात: तो सहा वाजता निघाला होता, किंवा सहा वाजता पाहिले तेव्हा तो आधीच निघून गेलेला होता. म्हणजे तेथे क्रियाविशेषण घटनाबिंदूलाही लागू शकते. मग पूर्ण वर्तमानकाळातच ते का लागू नये? जर्मन भाषाशास्त्रज्ञ वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकातील लेखात या प्रश्नाला 'पूर्ण वर्तमानकाळाचे कोडे' असे नाव दिले. त्यांच्या मते वाक्य ज्या काळाविषयी बोलते तो काळ आणि घटनेचा काळ, हे दोन्ही एकाच वेळी निश्चित करता येत नाहीत. वर्तमानकाळी रूपात पहिला आधीच निश्चित असल्यामुळे दुसऱ्यासाठी जागा उरत नाही. या उपपत्तीवर आक्षेप घेतले गेले असून कोड्याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

बंधन केवळ वर्तमानकाळी 'हॅव'/'हॅज' या रूपांवरच आहे, ही या संदर्भातील महत्त्वाची बाब होय. 'ही मे हॅव लेफ्ट येस्टर्डे', 'ही सीम्स टू हॅव लेफ्ट येस्टर्डे', 'हॅविंग लेफ्ट येस्टर्डे' ही रूपे निर्विवाद शुद्ध आहेत. तसेच घड्याळातील वेळ पुनरावृत्ती दाखवणाऱ्या वाक्यात येऊ शकते: 'आय हॅव ऑफन वोकन अप ॲट फाइव्ह'. येथे पाच वाजण्याचा एकच ठरावीक क्षण अभिप्रेत नसतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉली यांनी १९७१ मध्ये, तर बर्नार्ड कॉमरी यांनी 'ॲस्पेक्ट' (१९७६) या पुस्तकात या काळाच्या उपयोगांचे चार प्रकार मांडले. दोघांची नावे वेगळी असली तरी आतापर्यंत चालू असलेली स्थिती, अनुभव, परिणाम आणि ताजी बातमी असा त्यांचा स्थूल आशय आहे. क्रियाविशेषणांची वाटणीही बरीचशी त्यानुसार होते. 'सिन्स' पहिल्या प्रकारात, 'एव्हर' व 'नेव्हर' दुसऱ्यात, 'जस्ट' चौथ्यात प्रामुख्याने आढळतो.

क्रियाविशेषण नसतानाही कालचौकटीचे बंधन जाणवते. नील आर्मस्ट्राँग यांच्या २०१२ मधील निधनानंतर 'नील आर्मस्ट्राँग हॅज वॉक्ड ऑन द मून' हे वाक्य इंग्रजी भाषकाच्या कानाला खटकते, कारण अनुभवाची चौकट त्या व्यक्तीच्या आयुष्याबरोबर मिटते. 'पीपल' या कर्त्याबाबत तसे होत नाही.

मराठीशी तुलना

मराठीत 'पत्र परवाच पाठवले आहे', 'तो काल पुण्याहून आला आहे' ही वाक्ये नैसर्गिक आहेत. येथे 'आहे' हे रूप परिणाम अजून टिकून असल्याचे सांगते आणि 'परवा', 'काल' हे शब्द घटनेचा दिवस सांगतात. दोहोंत विरोध उत्पन्न होत नाही. हिंदीतही साधारण अशीच स्थिती आहे. त्यामुळे '*आय हॅव सीन हिम येस्टर्डे' यासारखी वाक्ये भारतीय इंग्रजीत वारंवार आढळतात आणि भारतीय इंग्रजीच्या अभ्यासकांनी त्यांची नोंद घेतली आहे. शब्दशः भाषांतर हे त्यामागील एक कारण असले तरी विद्यार्थ्याला शिकवलेली 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया' ही व्याख्याही त्याला आधार देते, कारण 'काल' हा शब्द त्या व्याख्येत सहज बसतो.

चालू स्थितीच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. 'मी १९९० पासून इथे राहतो' या वाक्यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते. त्यामुळे '*आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स १९९०' असे वाक्य तयार होते. प्रमाण इंग्रजीत तेथे 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवे. 'जेवलास का?' या नित्याच्या प्रश्नात मराठी साधा भूतकाळ वापरते आणि त्या बाबतीत ती अमेरिकन प्रयोगाच्या जवळ जाते.

'कधी' या शब्दाच्या बाबतीत मात्र मराठीतही इंग्रजीसारखाच भेद दिसतो. 'तू ताजमहाल कधी पाहिलास?' या प्रश्नाला तारीख किंवा वर्ष हे उत्तर अपेक्षित असते. 'तू कधी ताजमहाल पाहिला आहेस का?' याला 'हो' किंवा 'नाही' हे. पहिल्यातील 'कधी' म्हणजे इंग्रजी 'व्हेन', दुसऱ्यातील 'कधी' म्हणजे 'एव्हर'. आणि दोन्ही भाषांत त्यानुसार काळ बदलतो. अध्यापनात ही जोडी उपयोगी पडण्यासारखी आहे, कारण येथे विद्यार्थ्याला नियम स्वतःच्या भाषेतच सापडतो.

इतिहास आणि इतर भाषा

प्राचीन इंग्रजीत 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदासोबत धातुसाधित येऊन ही रचना उदयास आली. गतिवाचक क्रियापदांसोबत 'असणे' या अर्थाचे क्रियापद वापरले जाई. 'ही इज गॉन' या प्रयोगात त्याचा अवशेष उरला आहे. निश्चित भूतकालीन क्रियाविशेषणांवरील बंधन पूर्वी इतके कडक नव्हते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील लेखनात आज अशुद्ध ठरतील असे प्रयोग अधूनमधून आढळतात.

फ्रेंच व जर्मन भाषांत याच घडणीची रूपे आहेत, पण ती 'काल' या अर्थाच्या शब्दांसोबत सर्रास वापरली जातात. बोली फ्रेंचमध्ये तर या रूपाने साध्या भूतकाळाची जागाच घेतली आहे. फ्रेंचमध्येही पूर्वी मर्यादा सांगितली जात असे. १६६० च्या पोर्ट-रॉयल व्याकरणात आजच्या दिवसातील घटनांसाठी एक रूप आणि त्यापूर्वीच्या घटनांसाठी दुसरे असा नियम दिला आहे. स्पेनमधील स्पॅनिशमध्ये आजच्या घटनांसाठी पूर्ण वर्तमानकाळ वापरण्याची अशी प्रवृत्ती अजूनही दिसते.

इंग्रजीच्या सर्वच प्रकारांत नियम सारखाच घट्ट नाही. ऑस्ट्रेलियन इंग्रजीत, विशेषतः घडलेला प्रसंग रंगवून सांगताना आणि पोलिसांच्या निवेदनांत, पूर्ण वर्तमानकाळ कथनासाठी वापरला जातो व त्यासोबत निश्चित वेळही येते. ब्रिटनमध्ये फुटबॉल खेळाडू व समालोचक सामन्यातील घटनांचे वर्णन करताना असाच प्रयोग करतात.