सिंदखेडराजा येथील जाधवांचा वाडा : उत्कर्ष आणि ऱ्हास

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे गाव राजमाता जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजी जाधव यांच्या वाड्यात त्यांचा जन्म झाला, असे मानले जाते. दरवर्षी या दिवशी येथे मोठा जनसमुदाय जमतो. मात्र ज्या वास्तूस तो वंदन करतो, तिच्या स्वतःच्या इतिहासाकडे सहसा लक्ष जात नाही. भव्य प्रवेशद्वार व काही अवशेष वगळता हा वाडा आज उरलेला नाही. त्याच्या ऱ्हासाची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लखुजी जाधव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. सरदाराचा वाडा म्हणजे केवळ निवासस्थान नव्हे. दरबार, दफ्तर, कोठार आणि शिबंदी या सर्वांचे ते केंद्र असे. त्याची डागडुजी वतनाच्या उत्पन्नावर अवलंबून असे.

या घराण्यावर पहिला आघात सन १६२९ मध्ये झाला. दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे दोन पुत्र व नातू यांची हत्या झाली. घराणे टिकले, परंतु कर्ता पुरुष गेला. सन १७५७ मध्ये मराठी सैन्याने निजामाचे सरदार रामचंद्र जाधव यांना सिंदखेड येथेच वेढले आणि परिसर युद्धभूमी बनला. अखेरचा आघात सन १८५१ चा. अरब शिबंदीने निजामाच्या फौजेशी झुंज दिली. त्याचा ठपका जाधवांवर येऊन त्यांची वंशपरंपरागत जहागीर जप्त झाली. बाजीराव जाधव सन १८५६ मध्ये राजबंदी म्हणून मरण पावले. तत्पूर्वी, सन १८५३ मध्ये, वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता.

उत्पन्न गेले, तशी वाड्याची निगाही थांबली. लखुजींची दगडी समाधी मात्र उभी राहिली. तिच्या जतनकार्याच्या वेळी सन २०२४ मध्ये शेषशायी विष्णूची प्राचीन मूर्ती सापडली. यावरून या भूमीतील इतिहासाचे थर अद्याप पूर्ण उलगडलेले नाहीत, हे स्पष्ट होते.

सारांश, वाडा एखाद्या लढाईत पडला असे म्हणण्यापेक्षा वतन गेल्याने तो ढासळला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. म्हणून जन्मस्थळाच्या गौरवाबरोबरच उरलेल्या भिंतींचे मोजमाप, रेखाटन व दप्तरातील कागदपत्रांची नोंद होणे अगत्याचे आहे. अन्यथा स्मृती राहील, पण वास्तू राहणार नाही.