किल्लारीने शिकविलेले

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास भूमी हादरली आणि आम्ही भालकीकर अंगणात धावलो. उजाडल्यावर कळले, किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली.

दख्खनचे पठार अचल, ही समजूत आमच्या वाडवडिलांप्रमाणेच बहुतेक शास्त्रज्ञांचीही होती. १९६७ च्या कोयना भूकंपाचे कारण जलाशयात शोधले गेले होते. किल्लारीनंतर मात्र शास्त्राने स्वतःचीच समजूत तपासावयास घेतली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल विवर घेतले. सुमारे ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला. गाळाच्या पातळ थराखाली अब्जावधी वर्षांचा खडक लागला. आपण ज्याला तळ मानीत होतो, ते केवळ पांघरूण होते.

१९९२ मध्ये तेथे धक्के बसले होते, तरी भाकीत करता आले नाही. आजही येत नाही. एवढे मात्र निश्चित कळले, की जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने. आमचे जुने वाडेही त्याच घडणीचे आहेत. पूर्वजांचा वारसा जपावा. परंतु माळवदाचा भार उतरवून आणि भिंती सांधूनच.