डूरिन: एका विस्मृत अश्वरोगाचा कायदा

लष्कराची भिस्त घोड्यांवर होती त्या काळात, १९१० साली, हिंदुस्थानात केवळ एका अश्वरोगासाठी ‘डूरिन अधिनियम’ संमत झाला. पैदाशीच्या नरांची नोंदणी, बाधित नराचे खच्चीकरण, बाधित घोडीचा नाश आणि मालकास भरपाई या त्यातील प्रमुख तरतुदी.

ही कठोरता अनाठायी नव्हती. ट्रिपॅनोसोमा कुळातील रोगकारक परजीवी बहुधा रक्तशोषक कीटकांमार्फत पसरतात. डूरिनचा ‘ट्रिपॅनोसोमा इक्विपर्डम’ मात्र समागमातून. माश्यांचा बंदोबस्त येथे निरुपयोगी. बाधित जनावराचे प्रजनन रोखणे हाच मार्ग.

निदानही अवघड. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे शोधलेला ‘सर्रा’ रोगाचा परजीवी याचा इतका निकटचा आप्त आहे की रक्तातील प्रतिपिंडांवरून दोहोंतील भेद आजही कळत नाही.

२००९ च्या पशुरोगविषयक केंद्रीय अधिनियमाने जुना कायदा रद्द केला. रोग मात्र इतिहासजमा झालेला नाही. मंगोलिया, इथिओपिया येथील पशुपालकांची घोडी आजही त्याला बळी पडतात आणि त्यावर लस अद्याप नाही. सैन्ये घोड्यांवरून उतरली. ज्यांचे जगणे घोड्यांवरच आहे, त्यांच्यासाठी संशोधनाची निकड ओसरलेली नाही.