खानदेशातील वृत्तपत्रवाचन आणि स्पर्धा परीक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इंग्रजी राजवटीत वृत्तपत्रवाचन आणि सरकारी नोकरी यांचे नाते संशयाचे होते. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने शिक्षक व विद्यार्थी यांच्या राजकीय सहभागावर निर्बंध आणले, तर १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याची तरतूद केली. अशा वातावरणात हाती जहाल पत्र असणे नोकरीच्या उमेदवारास हितावह नव्हते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली, तो हाच काळ. पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखल्या गेलेल्या याच प्रदेशात आज वृत्तपत्र हे सरकारी सेवेत प्रवेश मिळविण्याचे साधन मानले जाते. हा पालट अभ्यासण्याजोगा आहे.

वाचनाची परंपरा येथे जुनी आहे. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ चे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. त्यामागे परीक्षेचा हेतू नव्हता. मुलाने जगाकडे डोळसपणे पाहावे, एवढीच अपेक्षा होती. १९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली व ते सत्याग्रहात उतरले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. येथे वृत्तपत्राची वाट नोकरीकडे नव्हे, नोकरीपासून दूर जाणारी होती.

कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवा परीक्षेची नवी रचना अमलात आली आणि आठव्या अनुसूचीतील भाषांमधून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. खानदेशच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व फार मोठे होते. मराठी अग्रलेख हा आता अभ्यासाचा मजकूर ठरला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानास पात्र ठरलेल्या वाचनालयांच्या मेजावर तो विनामूल्य उपलब्ध होता. याउलट परीक्षार्थींमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या ‘द हिंदू’ची मुंबई आवृत्ती निघाली ती थेट २०१५ मध्ये. एरंडोल तालुक्यातील ताडे गावचे राजेश पाटील आणि साक्री तालुक्यातील सामोडे येथील राजेंद्र भारूड अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून भारतीय प्रशासन सेवेत गेले. पाटील यांच्या आत्मकथनाचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ हे शीर्षकच अहिराणीतील आहे. अशा घरांतील मुलांना महागड्या शिकवणीपेक्षा वाचनालयातील मेज जवळचे होते.

तथापि वाचनाची रीत परीक्षेच्या स्वरूपाने ठरविली, हे येथे नोंदविले पाहिजे. वर्णनात्मक उत्तरांसाठी अग्रलेखातील युक्तिवाद समजून घ्यावा लागे. कात्रणे विषयवार चिकटविलेल्या वह्या तयार होत. २०१२ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ केली. त्यानंतर नावे, दिनांक, योजना आणि पुरस्कार तेवढे वेचण्याकडे परीक्षार्थींचा कल वाढला. या कामासाठी वृत्तपत्र उघडण्याचीही गरज उरली नाही. ‘चालू घडामोडीं’ची मासिके आणि पुढे भ्रमणध्वनीवरील टिपणे पुरेशी वाटू लागली. माहिती वाढली, मत बनविण्याचा सराव मात्र घटला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून पुन्हा वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाल्याने अग्रलेखाकडे परतणे परीक्षार्थींना भाग पडले आहे.

या साऱ्यात जिल्ह्याचे पान सर्वाधिक उपेक्षित राहिले. केळीचे भाव, तापीचे पाणी, कापूस खरेदी, सातपुड्यातील वनहक्काचे दावे या बातम्या प्रश्नपत्रिकेत येत नाहीत, म्हणून त्या ओलांडल्या जातात. वस्तुतः भावी अधिकाऱ्यास ज्या प्रश्नांशी झुंजावे लागते, ते याच पानावर असतात. मुलाखतीत उमेदवाराच्या जिल्ह्याविषयी हमखास विचारणा होते. मग मुख्य परीक्षेचा निकाल लागल्यावर, अवघ्या काही आठवड्यांत, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी जुन्या अंकांतून शोधली जाते.