अनवाणी पायांचा हंगाम

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला कचेरीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : “तुम्ही मोहन बागानचे की ईस्ट बंगालचे?” मलाही तो पहिल्याच आठवड्यात विचारण्यात आला. गाव, मुलेबाळे यांची चौकशी त्यानंतर! तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पुढे या शहराचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हे उत्तर वाटते तितके सोपे नाही, हे ध्यानी आले. त्या वाचनात उमगलेली १९११ च्या हंगामाची हकीकत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

बंगालमध्ये फुटबॉल रुजला तो शाळा-कॉलेजांच्या अंगणात. हेअर स्कूलचा विद्यार्थी नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी याने १८७७ च्या सुमारास सवंगडी जमवून हा खेळ सुरू केला आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक स्टॅक यांनी त्या मुलांना उत्तेजन दिले, असे सांगतात. १८८९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर कलकत्त्यात मोहन बागान क्लब स्थापन झाला. १८९३ मध्ये आय. एफ. ए. शील्ड स्पर्धा सुरू झाली. परंतु ते शील्ड पुढे अठरा वर्षे गोऱ्या पलटणी व युरोपियन क्लब यांच्याकडेच राहिले.

मोहन बागानचा १९११ चा विजय चमत्कार म्हणून सांगण्याची प्रथा आहे. तो चमत्कार नव्हता. क्लबचे सचिव शैलेन बसू हे लष्करी पेशाचे गृहस्थ. त्यांनी खेळाडूंच्या व्यायामाला व शिस्तीला फार महत्त्व दिले. १९०६ ते १९०८ अशी सलग तीन वर्षे संघाने ट्रेड्स कप जिंकला. १९०९ मध्ये शील्डमध्ये उतरला तेव्हा मात्र पदरी पराभवच आला. हा पराभव पचवूनच संघ १९११ च्या पावसाळ्यात मैदानात उतरला.

१० जुलै रोजी पहिला सामना झाला तो सेंट झेवियर्स कॉलेजशी. मोहन बागानने तो ३-० असा जिंकला. पुढे रेंजर्सना २-१ आणि रायफल ब्रिगेडला १-० असे हरवले. उपान्त्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी झाली. सामना पुन्हा खेळविण्यात आला आणि मोहन बागानने तो ३-० असा निर्विवाद जिंकला. अकरा जणांत पायात बूट असलेले एकटे सुधीर चटर्जी. बाकीचे दहा जण पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर, बूट घातलेल्या सोल्जरांसमोर अनवाणी खेळले!

अंतिम सामना २९ जुलैला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी झाला. त्यासाठी खास आगगाड्या व आगबोटी सोडण्यात आल्या. साठ ते ऐंशी हजार लोक लोटले, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. मागे उभ्या असलेल्यांना खेळ दिसेना, म्हणून गोलसंख्या पतंगांवरून कळविण्यात येई. उत्तरार्धात जॅक्सनने गोल करून गोऱ्या पलटणीला आघाडी मिळवून दिली. वेळ संपत आली असता कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अखेरच्या क्षणांत अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. हे अभिलाष त्या वेळी स्कॉटिश चर्च कॉलेजचे विद्यार्थी होते.

सामन्यानंतर एका वृद्ध ब्राह्मणाने फोर्ट विल्यमवरील निशाणाकडे बोट दाखवून “ते कधी उतरणार?” असे विचारले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बंगालची फाळणी सोसणाऱ्या लोकांच्या मनातले तीत उमटले आहे. त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाली. पण राजधानीही कलकत्त्याहून हलली. फुटबॉलमुळे फाळणी रद्द झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु बंगाली माणूस शरीराने दुबळा, या मेकॉलेप्रणीत समजुतीला त्या दिवशी उघड्या मैदानात उत्तर मिळाले, हे निःसंशय.

योगायोग असा की, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्याचे पाळवणकर बाळू पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील क्रिकेट संघातून इंग्लंडमध्ये खेळत होते. त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. स्वदेशी ज्यांना अस्पृश्य म्हणून वेगळ्या पेल्यात चहा मिळत असे, त्यांनी परदेशी मैदाने गाजविली!

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. १९११ च्या त्या संघातील बहुतेक खेळाडूंची घरे मूळची पूर्व बंगालमधली. शिवदास व विजयदास ही भादुडी भावंडे फरिदपूरकडची; भूती सुकूल तर मूळच्या उत्तर हिंदुस्थानी घराण्यातले. म्हणजे ज्या विजयाने मोहन बागान अजरामर झाला, तो बव्हंशी बाहेरून आलेल्यांनी मिळवून दिला. ईस्ट बंगाल क्लब तर १९२० मध्ये निघाला. ही दुफळी त्यानंतरची.

आपण मराठी मंडळीही नोकरी-व्यवसायानिमित्त येथे आलेली. आपली मुले मैदानावर जाऊन बंगालीत ओरडू लागली की, ती आपल्याला दुरावली, अशी खंत कित्येक घरांतून ऐकू येते. एके काळी माझ्याही घरात ती होती. आता वाटते, हे शहर आपले कोणाला म्हणते, तर जो त्याच्यासाठी घाम गाळतो त्याला. त्याच्या गावाचे नाव ते मागाहून विचारते. गणेशोत्सवात आरती म्हणणारे मूल संध्याकाळी गोल झाला म्हणून नाचले, तर त्यात आपले काहीच उणे होत नाही.

कचेरीतल्या त्या प्रश्नाला मी आता उत्तर देतो : “मी १९११ च्या संघाचा.” यावर दोन्ही पक्षांचे लोक खूश होतात आणि चहाचे पैसे तेच देतात!